आमचा रेणू म्हणे ‘कुणालाही सुचला असता’! पेटंट नाकारलं, अपील करायचंय

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथला वाचनमात्र प्राणी, पण परवापासून डोकं भणभणतंय म्हणून धागा काढतोय.

पुण्याजवळ भाड्याच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं औषधी रेणू बनवतो. मी केमिस्ट, दुसरी जीवशास्त्राची, तिसरा पैशांचं बघतो, म्हणजे पैसे नाहीत हे आम्हाला सांगतो. २०१९ मध्ये केलेल्या पेटंट अर्जाचा निकाल परवा आला. पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली नामंजूर. कारण एकच: इन्व्हेंटिव्ह स्टेप (शोधाला लागणारी नवी झेप) नाही, शोध ऑब्व्हियस, म्हणजे सहज सुचण्यासारखा आहे. कुठलं ऑफिस, कोण अधिकारी, हे मुद्दाम लिहीत नाही आणि कृपया विचारू नका.

शोध थोडक्यात असा. एका परदेशी कंपनीच्या जुन्या पेटंटात (ऑर्डरमधला ‘डी-१’) रेणूंची एक मालिका आहे. प्रत्येकाच्या मधोमध पायपेरिडीनचं सहा कोनांचं कडं. औषध म्हणून ताकद चांगली, पण हे रेणू हृदयातल्या हर्ग नावाच्या पोटॅशियम चॅनेललाही चिकटतात, म्हणजे ठोक्यांची लय बिघडायची भीती. आम्ही ते कडं काढून तिथे अझास्पायरोहेप्टेन बसवलं. दोन चौकोन एकाच कार्बनवर काटकोनात जोडलेले डोळ्यांपुढे आणा. ताकद टिकली आणि हर्गचं चिकटणं खूपच उतरलं.

‘डी-२’ हा एका जर्नलमधला लेख, भलत्याच प्रथिनावरचा. त्यात म्हटलंय की पायपेरिडीनच्या जागी असं स्पायरो कडं घातलं तर रेणू पाण्यात जास्त विरघळतो.

ऑर्डर अकरा पानांची. नऊ पानं आमच्याच उत्तराची आणि जुन्या परीक्षण अहवालाची नक्कल. शेवटी एक परिच्छेद: डी-१ आणि डी-२ एकत्र वाचले तर त्या क्षेत्रातल्या माणसाला हा बदल सहज सुचला असता, अर्जदाराचा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. संपलं. पाच वर्षांचं काम साडेसहा ओळींत.

अपील करावं की त्याच ऑफिसकडे रिव्ह्यू मागावा? हर्गचा नवा, जास्त चांगला डेटा हातात आलाय, तो लावता येईल का? आणि खरंच लढण्यासारखं आहे का? शेवटचं उत्तर तिखट असलं तरी चालेल.

खोडरबर

रसायनातलं ओ की ठो कळत नाही, तरी एक विचारतो. पुरणात गुळाऐवजी साखर घातली तर तो शोध होतो का हो? गोड ते गोडच. ऑफिसला तेच म्हणायचं असेल.

भट्टीवाला

खोडरबर, उदाहरण उचलतो, पण पूर्ण करून. समजा पुरणपोळीचं एकच पुस्तक आहे, आणि त्यात लेखिकेनेच लिहून ठेवलंय की गुळाच्या जागी चार वेगवेगळ्या गोष्टी घालून पाहिल्या आणि चारही वेळा पोळी तव्यावर फाटली. दुसरं पुस्तक लाडवांचं. त्यात लिहिलंय की अमुक काकवी घातली तर लाडू मऊ राहतो. आता मी ती काकवी पुरणात घातली आणि पोळी फाटली नाही. हे तुम्हाला सहज सुचलं असतं का?

डी-१ मध्ये तसा तक्ता खरंच आहे. तक्ता ४. कडं पाच कोनांचं केलं, सात कोनांचं केलं, उघडं ठेवलं, पायपेराझीन घातलं. चारही वेळा ताकद कोसळली.

खोडरबर

मग मी माझी साखर मागे घेतो. 😀 पण हा तक्ता तुम्ही वरच्या धाग्यात का नाही लिहिलात? मला तर तोच सगळ्यात मोठा मुद्दा वाटला.

कागदपत्री

भट्टीवाला, मी पेटंट एजंट आहे. हा सल्ला नाही, गप्पा आहेत, वकील लावाच. आधी तारखा, कारण बाकी सगळं त्यांच्यावर टांगलेलं असतं.

अपील कलम ११७अ खाली, ऑर्डरच्या तारखेपासून तीन महिन्यांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. पूर्वी हे अपील आयपीएबीकडे, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचं. ४ एप्रिल २०२१ च्या अध्यादेशाने ते मंडळ गुंडाळलं आणि अपिलं उच्च न्यायालयांत आली. कुठल्या उच्च न्यायालयात जायचं हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरत नाही, अर्ज कुठल्या पेटंट ऑफिसचा आहे त्यावर ठरतं. दिल्ली उच्च न्यायालयाने डॉ. रेड्डीजच्या २०२२ च्या निकालात हे स्पष्ट केलंय.

रिव्ह्यू कलम ७७ खाली, फॉर्म २४, ऑर्डर मिळाल्यापासून एक महिन्यात, मागून घेतली तर मुदतवाढ. पण रिव्ह्यूत ढळढळीत चूक दाखवावी लागते. ‘तुम्ही चुकीचं ठरवलंत’ एवढं पुरत नाही, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. शिवाय रिव्ह्यू फेटाळला तर त्यावर सरळ अपील नाही, कारण ११७अ च्या यादीत ७७ येत नाही. रिव्ह्यूच्या नादात अपिलाचे तीन महिने उडालेले मी पाहिलेत, म्हणून पोटतिडकीने सांगते: सरळ अपील.

आता ऑर्डर. अशा साडेसहा ओळींच्या ऑर्डरींसाठी अ‍ॅग्रीबोर्डचा निकाल आहे, दिल्ली उच्च न्यायालय, मार्च २०२२, न्या. प्रतिभा सिंह. त्यात म्हटलंय की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून नाकारायचं असेल तर आधीच्या साहित्यात काय सांगितलंय, अर्जात काय सांगितलंय आणि तिथून इथवर त्या क्षेत्रातला माणूस कसा सहज पोचला असता, हे तिन्ही ऑर्डरमध्ये दिसलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ऑर्डरींत नकलून आलेल्या असतात. तिसरी गायब. तुमच्याकडेही तीच गायब दिसतेय.

फक्त हे लक्षात ठेवा की या मुद्द्यावर जिंकलात तर पेटंट हातात पडत नाही. प्रकरण परत जातं, बहुतेकदा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्या सुनावणीसाठी. सोफोसबुविर या हेपटायटिस-सीच्या औषधाचं आठवा. जानेवारी २०१५ मध्ये अर्ज नामंजूर, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑर्डर रद्द करून परत पाठवला, आणि मे २०१६ मध्ये पेटंट मिळालं. तो मार्ग रिटचा होता आणि कारण कलम ३(ड) चं होतं (माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, त्याने औषधाची ताकद वाढल्याशिवाय, शोध मानत नाहीत ते कलम), पण परत पाठवण्याची तऱ्हा तीच.

चौथा_मजला

भट्टीवाल्यांनी तिखट चालेल म्हटलंय म्हणून लिहितो. पेटंटच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसून निवृत्त झालोय.

ऑर्डर आळशी आहे, मान्य. पण ती परत आली आणि माझ्यासारखा कुणी नीट लिहायला बसला, तर काय लिहील ते ऐका.

तुमचा सगळा भर हर्गवर आहे. हर्गची अडचण डी-१ मध्येच सांगितलेली आहे ना? मग ती सोडवायची ओढ कोणत्याही केमिस्टला असणारच. इथे ‘मोटिव्हेशन’ सिद्ध. हर्गला चिकटतात ते बहुधा अल्कधर्मी (बेसिक) नायट्रोजन असलेले, चरबीत विरघळणारे रेणू, हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान. डी-२ म्हणतो की स्पायरो कड्याने पाण्यात विरघळणं वाढतं, म्हणजे चरबीकडचा ओढा कमी होतो. मग हर्ग उतरणं अपेक्षितच होतं! प्रथिन वेगळं असलं म्हणून काय झालं, विरघळणं हा रेणूचा गुण आहे, प्रथिनाचा नव्हे.

तुम्ही हर्गचा नवा, ‘जास्त चांगला’ डेटा घेऊन गेलात तर माझं हेच म्हणणं आणखी घट्ट कराल.

खरा मुद्दा खोडरबर यांनी पकडला, त्यांना रसायन येत नसताना. किंवा येत नसल्यामुळेच. तक्ता ४ वाचणारा माणूस त्या कड्याला हात लावणार नाही, कारण हात लावला की ताकद जाते असं डी-१ स्वतः सांगतो. तरी तुम्ही लावला आणि ताकद टिकली. अनपेक्षित असेल तर हे टिकणं आहे. हर्ग उतरलं ही त्याच्यावरची साय.

दोन प्रश्न. अर्जात तुम्ही तुमच्या रेणूंची तुलना कशाशी केली आहे? आणि क्लेम १ मध्ये, म्हणजे हक्क मागणाऱ्या पहिल्या कलमात, किती रेणू बसतात?

भट्टीवाला

चौथा_मजला, तुमचा प्रतिसाद वाचून खुर्चीत मागे टेकलो आणि दहा मिनिटं तसाच बसलो.

तुलना बाजारात असलेल्या औषधाशी केली आहे. डी-१ मधल्या रेणूंशी नाही. तेव्हा वाटलं की बाजारातल्या औषधाला हरवलं तर बाकी प्रश्नच उरत नाही. क्लेम १ मार्कुश पद्धतीचा आहे, म्हणजे एकाच सूत्रात चार जागी पर्याय. मोजलं नाही, पण काही हजार रेणू बसतील. बनवून तपासलेले चौदा.

तक्ता ४ आमच्या लेखी उत्तरात आहे. पान १७, शेवटून दुसरा परिच्छेद. त्याआधी सोळा पानं हर्ग.

चौथा_मजला

मग पान १७ पहिलं पान करा.

बाजारातल्या औषधाला हरवणं गुंतवणूकदाराला दाखवायला ठीक. परीक्षक विचारतो की सगळ्यात जवळचा जुना रेणू कोणता आणि त्याच्यापुढे तुमचा कसा. तुमच्या रेणूत आणि डी-१ मधल्या त्याच्या जुळ्यात फक्त कडं वेगळं हवं, बाकी अणू न् अणू तोच. अशी एक जोडी समोरासमोर तपासलेली असती तर ही ऑर्डर लिहिताना अधिकाऱ्याचा हात अडखळला असता.

आणि चौदा रेणूंच्या जोरावर हजारो मागायचे हा लोभ आहे. माफ करा, पण आहे. मी स्वतः असे क्लेम बघितले की बाकीची फाइल संशयाने वाचायचो. ते बरोबर होतं असं म्हणत नाही, पण माणूस आहे.

पेशंटचा_भाऊ

चर्चा छान चालली आहे, पण कुणीतरी हेही लिहायला हवं. औषधांची पेटंटं नाकारली जातात म्हणून आपल्याकडे लोक जगतात. ग्लिवेक आठवा. रक्ताच्या कॅन्सरचं औषध, कंपनीच्या भावात महिन्याला लाखाच्या वर, आणि भारतीय कंपन्यांचं त्याच्या दहाव्या हिश्शात. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते ऑब्व्हियस ठरवलं नसतं तर माझ्या घरातलं एक माणूस आज नसतं. त्या लढ्यात कंपनीसमोर उभी राहिलेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मुंबईची संस्था आहे, हेही सांगायला हवं.

आणि अलीकडचं बेडाक्विलिन, हेही टीबीचंच औषध. टीबीच्या दुसऱ्या औषधांमुळे ऐकू येणं गेलेल्या दोघीजणी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, यांनी बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराच्या पेटंटाला विरोध केला. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने तो अर्ज नाकारला. मिळालं असतं तर मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपूनही मक्तेदारी आणखी चार वर्षं चालली असती.

तेव्हा भट्टीवाला, तुमच्याबद्दल राग नाही, पण ‘ऑब्व्हियस म्हणून नाकारलं’ हे ऐकून मला आपोआप वाईट वाटत नाही.

कागदपत्री

भाऊ, घरातलं माणूस सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. भावना पूर्ण मान्य. कायद्यापुरती एक दुरुस्ती, कारण ती या धाग्याच्या कामाची आहे.

ग्लिवेकची कहाणी फक्त ऑब्व्हियसची नाही. २००६ मध्ये चेन्नईच्या ऑफिसने अर्ज नाकारला. २००९ मध्ये आयपीएबीने उलट म्हटलं की शोध नवा आहे आणि सहज सुचण्यासारखाही नाही, पण कलम ३(ड) आडवं येतं, म्हणून पेटंट नाही. सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. ग्लिवेकमधला इमॅटिनिब मेसिलेट हा क्षार जुन्या झिमरमन पेटंटातूनच माहीत होता, त्यामुळे तो शोधच नव्हे. आणि त्याचा बीटा स्फटिक ३(ड) मध्ये अडकला, कारण आजार बरा करण्याची ताकद वाढल्याचं दाखवलं नव्हतं. औषध शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं, एवढ्याने भागलं नाही.

बेडाक्विलिनमध्येही माहीत असलेल्या रेणूचा क्षार होता. क्षार, स्फटिक, एस्टर या गोष्टी ३(ड) च्या स्पष्टीकरणात नावानिशी आहेत. भट्टीवाल्यांचा सांगाडाच वेगळा आहे. दोन्ही एका तागडीत घालू नका.

तरी भट्टीवाला, ३(ड) तुमच्याही दारात येऊ शकतं. त्या यादीच्या शेवटी ‘इतर डेरिव्हेटिव्ह’ असे शब्द आहेत. प्रकरण परत गेलं की नवा अधिकारी ते काढू शकतो. तेव्हा डीएस बायोफार्माचा निकाल हाताशी ठेवा, दिल्ली, २०२२: ३(ड) लावायचं तर माहीत असलेला पदार्थ नेमका कोणता, हे आधी सांगावं लागतं. ‘डी-१ मधली मालिका’ असं मोघम चालत नाही.

पेशंटचा_भाऊ

दुरुस्ती मान्य. मी ते दोन्ही एकच समजत होतो. पण एक विचारतो. हर्ग कमी म्हणजे औषध जास्त सुरक्षित. सुरक्षित असणं हे ३(ड) मधल्या ताकदीत धरतात का? पेशंटच्या घरच्यांच्या दृष्टीने तर तेच मोठं.

कागदपत्री

फार नेमका प्रश्न. ग्लिवेकच्या सुनावणीत तो निघाला होता. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी मांडलं की दुष्परिणाम लक्षणीय कमी होणं हेही धरावं. कॅन्सर पेशंटांच्या संस्थेचे वकील आनंद ग्रोव्हर यांचा अर्थ जास्त आखूड होता. न्यायालयाने या दोघांतला निवाडा केला नाही, उघडा ठेवला. म्हणून निव्वळ हर्गवर घर बांधू नये, असं माझंही मत. चौथा_मजला वेगळ्या दाराने तिथेच पोचलेत.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. गावाचं नाव एडिसन, त्यामुळे शोधांवर बोलायचा हक्क आहे असं मी गृहीत धरतो. 😀

इकडे रेणूच्या ऑब्व्हियसपणाची चर्चा ‘लीड कंपाउंड’पासून सुरू होते. आधी दाखवा की केमिस्टने सुरुवातीला हाच जुना रेणू का उचलला असता, मग दाखवा की त्यात हाच बदल का केला असता. २००७ चा पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाचा निकाल, टाकेडा विरुद्ध अल्फाफार्म. जुना रेणू दिसायला अगदी जवळचा, मिथाइलच्या जागी इथाइल आणि जागा एक घर सरकलेली. पण जुन्या रेणूने वजन वाढतं असं आधीच छापलेलं होतं. कोर्ट म्हणालं, असला रेणू कोण उचलणार? पेटंट टिकलं. त्याच वर्षी फायझर विरुद्ध अपोटेक्समध्ये अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या बेसिलेट क्षाराचं पेटंट मात्र उडालं. क्षार निवडणं हे नेहमीचं चाचपडणं ठरलं.

भारतात हे जसंच्या तसं चालत नाही, माहीत आहे. पण विचार करायला बरं पडतं.

कागदपत्री

एडिसनकर, आपल्याकडे रोश विरुद्ध सिप्ला आहे. एर्लोटिनिब हे कॅन्सरचं औषध, दिल्लीचं खंडपीठ, नोव्हेंबर २०१५. सिप्लाचं म्हणणं होतं की जुन्या पेटंटातल्या रेणूवर एका जागी मिथाइल होता, तिथे इथिनाइल घालणं सहज सुचण्यासारखं. खंडपीठाला ते पटलं नाही. रचना सारखी दिसते एवढ्यावर शोध ऑब्व्हियस होत नाही. त्याच निकालात पायऱ्या आखून दिल्यात: त्या क्षेत्रातला माणूस कोण, शोधाचा गाभा काय, अग्रक्रमाच्या तारखेला (पहिला अर्ज केला त्या दिवशी) त्या माणसाला काय ठाऊक होतं, जुन्यात नि नव्यात फरक काय, आणि नंतर कळलेलं आधी माहीत होतं असं न धरता तो फरक सहज सुचला असता का.

शेवटची पायरी सगळ्यात अवघड. उत्तर माहीत झालं की कोडं सोपं वाटतंच. अपिलात डी-१, डी-२ जोडण्यावरचा हल्ला इथूनच करायचा: हजारो लेखांतून नेमका हा भलत्याच प्रथिनावरचा लेख हातात आला कसा? आमचा रेणू समोर ठेवून शोधला म्हणून.

त्याच दिल्लीत उलटा वाराही आहे. २०२१ चा डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचा निकाल पाहा, अ‍ॅस्ट्राझेनेका विरुद्ध इंटास. जुनं मोठं पेटंट आणि नवं नेमक्या रेणूचं पेटंट दोन्ही त्याच कंपनीचं, तेव्हा न्यायालय म्हणालं की इथे साधा जाणकार माणूस मोजायचा नाही, आतली माहिती असलेला मोजायचा. भट्टीवाला, डी-१ तुमचं नाही, हे नशीब समजा.

भट्टीवाला

आमचं असतं तर भाड्याच्या प्रयोगशाळेत कशाला असतो!

मग डेटाचं काय? डी-१ मधला जुळा रेणू बनवून ताकदीची समोरासमोर तुलना आता केली तर? दोन महिने लागतील.

कागदपत्री

करा. पण अपिलात ती दाखल करायला परवानगी मागावी लागेल, आणि न्यायालय पहिलं हेच विचारेल की सुनावणीच्या वेळी का दिली नाही. सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला नियम २८(७) खाली पंधरा दिवस होते, कलम ७९ खाली प्रतिज्ञापत्रावर पुरावा देता आला असता. ‘तेव्हा सुचलं नाही’ हे खरं उत्तर असलं तरी न्यायालयात ते फारसं चालत नाही.

म्हणून अपील फाइलवर जे आहे त्यावरच उभं करा, म्हणजे ऑर्डरमध्ये कारणं नाहीत आणि तक्ता ४ चा उल्लेखही नाही. डी-१ कोणी दाखवलं? ऑफिसनेच. स्वतःच दाखवलेल्या कागदातला विरुद्ध जाणारा तक्ता वाचायचा नाही, याला न्यायालयात उत्तर देणं अवघड. प्रकरण परत गेलं की तिथे प्रतिज्ञापत्रासह नवा डेटा. ताकद टिकते हे मूळ अर्जात आकड्यांसह आहे, म्हणजे नवा डेटा जुन्याच दाव्याला टेकू देतो. युरोपच्या पेटंट ऑफिसच्या मोठ्या मंडळानेही २०२३ च्या जी २/२१ मध्ये साधारण हीच रेघ ओढली. नंतरचा पुरावा घ्या, पण तो परिणाम मूळ अर्जाच्या शिकवणीत बसणारा हवा.

आणि क्लेम आखडता घ्यायची तयारी ठेवा. कलम ५९ खाली पाठ फिरवून भलतीकडे जाता येत नाही, पण हजारोंवरून त्या चौदांच्या आसपास उतरणं सहसा बसतं.

चौथा_मजला

तक्ता ४ च्या मुद्द्यावर एक खाच दाखवून ठेवतो, समोरचा वकील दाखवण्याआधी. ते चार बदल कड्याचे कोन आणि अणू बदलणारे होते. तो म्हणेल, स्पायरो कडं वेगळ्या जातीचं, त्याबद्दल डी-१ काहीच बोलत नाही, मग ‘डी-१ ने परावृत्त केलं’ कसं म्हणता? उत्तर तयार ठेवा.

भट्टीवाला

उत्तर आहे. पायपेरिडीनमध्ये दोन्ही टोकांच्या जोडण्या एकमेकींपासून जेवढ्या लांब असतात, त्यापेक्षा स्पायरो कड्यात त्या जास्त लांब जातात, आणि दिशाही वळते. डी-१ च्या सात कोनांच्या कड्यातही नेमकं अंतरच बदललं होतं आणि ताकद गेली. मग त्याहून जास्त बदललेल्या कड्यात ती टिकेल अशी आशा कुणी धरली असती? त्या लोकांनी स्वतःही धरली नाही. त्यांच्या मालिकेत एकही स्पायरो नाही, आणि ती मंडळी काही नवशिकी नव्हती.

चौथा_मजला

हे. हे पान १.

खोडरबर

मला फक्त एवढं सांगा, हे सगळं पूर्वी भांड्याकुंड्यांच्या पेटंटांनाही होतं का?

कागदपत्री

खोडरबर, तुम्ही चेष्टा करताय, पण आपला ऑब्व्हियसपणाचा आद्य निकाल भांड्यांचाच आहे! बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९७८. मिर्झापूरची पितळी भांडी लेथवर फिरवताना घट्ट धरायची युक्ती. कोर्ट म्हणालं, ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट गेलं. आज कॅन्सरच्या औषधाच्या निकालातही ही भांडी खणखणतात.

भट्टीवाला

*(अडीच महिन्यांनंतर)*

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

अपील ८१ व्या दिवशी दाखल केलं. वकीलबाईंना मी या धाग्याचं प्रिंटआउटच नेऊन दिलं होतं. त्या हसल्या, पण तक्ता ४ खरंच पान १ वर आहे, रंगीत. हर्ग आता पान ९ वर. माझा जीव वरखाली झाला, पण राहिला तिथेच. प्रार्थना दोन आहेत: ऑर्डर रद्द करा, नाहीतर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत पाठवा. क्लेम आखडायची तयारी अपिलातच लिहून टाकली आहे. पैसेवाल्या मित्राला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चौदा तर चौदा.

जुळा रेणू बनवला. पहिल्या खेपेला हाती चिकट काळा डिंक आला, दुसऱ्या खेपेला पांढरी पूड. ताकदीच्या चाचण्या तीनदा केल्या. आकडे इथे टाकत नाही, प्रतिज्ञापत्रात जायचेत. चौथा_मजला यांना व्यनि केलाय.

चौथा_मजला

पाहिले. आता मी टेबलाच्या पलीकडे असतो तर पेन खाली ठेवून चहा मागवला असता. पण मी नाही, दुसरा कुणीतरी असेल, हे विसरू नका.

पेशंटचा_भाऊ

मिळालं आणि औषध खरंच बाजारात आलं, तर किंमत ठरवताना हा धागा उघडून बघाल एवढं बोला.

भट्टीवाला

भाऊ, अजून उंदरांपर्यंतच पोचलोय. पण बोललो.

सध्याची अडचण वेगळीच. न्यायालयाच्या रजिस्ट्रीने (कागद तपासणाऱ्या कचेरीने) हरकत काढली आहे: जोडपत्रातल्या डी-१ च्या प्रतीत तक्ता ४ चं पान पुसट आहे, वाचता येत नाही, स्वच्छ प्रत जोडा. तीन वर्षं ते पान कुणी वाचलं नव्हतं. उद्या सकाळी स्कॅन करून घेऊन जातोय.